डिप्रेशनचा प्रकार कळला, मग नेमकी गोळी का कळत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. धाकट्या बहिणीला डिप्रेशन आहे, वय 23. आधी एस्सिटॅलोप्राम झाली, मग सर्ट्रालिन. दोन्ही पुऱ्या डोसमध्ये, प्रत्येकी दीड-दोन महिने. उतार जेमतेम. ती बारा-बारा तास झोपते, सारखं खाते, हातपाय शिशाचे झालेत म्हणते आणि कुणी जरा तुटक बोललं तर दोन-दोन दिवस त्यातून बाहेर येत नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘अटिपिकल फीचर्स’ असं लिहिलंय. तुमचं म्हणणं असं, की प्रकार कळलाच आहे तर त्या प्रकाराची गोळी थेट का देत नाहीत? हे सगळं अंदाजपंचे का चाललंय? एमआरआय, रक्ताची किंवा जनुकांची चाचणी करून ते ठरत नाही का?

गेली 22 वर्षं मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि तुमची चिडचिड मला अगदी रास्त वाटते. सुरुवातीची काही वर्षं मीही याच समजुतीवर औषधं लिहिली. झोप उडालेल्याला ही, झोप वाढलेल्याला ती. आज माझं मत वेगळं आहे. बहुतेक रुग्णांत उपप्रकारावरून गोळीचं नाव ठरत नाही. पण एकटी अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, पुरेल का, हे उपप्रकारावरून पुष्कळदा कळतं. रुग्णांचे महिनेच्या महिने वाया जाताना मी पाहिलेत ते बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष न गेल्यामुळे.

‘प्रकार तशी गोळी’ ही आशा या औषधांइतकीच जुनी आहे. 1957 साली स्वित्झर्लंडमधल्या मुन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयातून रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा गुण पहिल्यांदा कळवला. तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं, की हे औषध सगळ्या उदासीवर सारखं चालत नाही. शरीरासकट माणूस जड आणि मंद होतो, सकाळी सगळ्यात वाईट असतो, अशा डिप्रेशनवर ते जास्त चालतं. त्याच सुमारास टीबीवर वापरलं जाणारं इप्रोनियाझिड मनालाही उभारी देतं असं दिसलं होतं. 1959 साली लंडनमध्ये वेस्ट आणि डॅली या दोघांनी त्याचा गुण कुणाला येतो ते पाहिलं, तर चित्र नेमकं उलटं निघालं. हे रुग्ण कूनच्या रुग्णांसारखे नव्हते, म्हणून त्यांना ‘अटिपिकल’ म्हटलं गेलं. त्या शब्दाचा अर्थ ‘दुर्मीळ’ असा नाही. तेव्हा माहीत असलेल्या साच्यात न बसणारं, एवढाच. बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण भरपूर येतात.

पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने 1980च्या दशकात याची नीट परीक्षा घेतली. अटिपिकल रुग्णांत फिनेल्झिन या एमएओआय गटातल्या (इप्रोनियाझिडही याच गटातलं) औषधाने साधारण 71 टक्क्यांना गुण आला, इमिप्रामिनने 50 टक्क्यांना आणि नुसत्या साखरेच्या गोळीने 28 टक्क्यांना. उपप्रकारावरून औषध ठरवता येतं, याचा आजवरचा सगळ्यात बळकट पुरावा हाच. मग तुमच्या बहिणीला ते का दिलं नाही? कारण एमएओआय घेताना मुरवलेलं चीज आणि आंबवलेले काही पदार्थ बंद करावे लागतात, सर्दीच्या काही साध्या गोळ्याही चालत नाहीत. चूक झाली तर रक्तदाब एकदम जिवावर बेतेल इतका चढू शकतो. सर्ट्रालिनवरून त्यावर जायचं तर मध्ये दोन आठवडे रिकामे सोडावे लागतात, फ्लुऑक्सेटिन असेल तर पाच. शिवाय त्या चाचण्यांत तुलना इमिप्रामिनशी होती. आज आपण पहिल्यांदा लिहितो त्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिनसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या त्यांत नव्हत्याच.

त्या गोळ्यांची परीक्षा बरीच नंतर झाली. आयस्पॉट-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात 1008 बाह्यरुग्णांना एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन दिलं आणि मेलँकोलिक (कशानेच मन न हलणारं), अटिपिकल, अँक्शस (चिंता मिसळलेलं) असे उपप्रकार लावून आठ आठवड्यांनी कुणाला किती गुण आला ते पाहिलं. 2015 साली निष्कर्ष आला, की या तीन गोळ्यांत कुठल्याही उपप्रकारासाठी कुठलीच सरस ठरत नाही. उपप्रकार असलेले आणि नसलेले सारखेच बरे झाले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. 36 टक्के रुग्ण एकाच वेळी एकाहून अधिक उपप्रकारांत बसत होते. म्हणजे आपण कप्पे म्हणतो ते कप्पेच नाहीत, एकमेकांत मिसळलेले रंग आहेत. स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या प्रकल्पातल्या 3703 रुग्णांची लक्षणं 2015 साली कुणी ओळीने मांडून पाहिली, तर लक्षणांचे 1030 वेगवेगळे नमुने निघाले. हजाराहून अधिक तऱ्हांचं डिप्रेशन, आणि आपल्याकडच्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामिन याच दोन-तीन रसायनांभोवती फिरतात. तऱ्हेतऱ्हेची कुलपं आणि एकाच ठशाच्या किल्ल्या असल्यावर कुलूप ओळखून किल्ली निवडण्याला फार वाव उरत नाही.

कुठली गोळी चालतेय हे उपप्रकारापेक्षा पहिल्या दोन आठवड्यांवरून जास्त कळतं. दोन आठवड्यांत लक्षणं निदान पाचव्या हिश्शानेही हलली नाहीत, तर त्याच गोळीच्या त्याच डोसवर पुढे पूर्ण उतार पडण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून मी नव्या रुग्णाला दुसऱ्या आठवड्यातच परत बोलावते. महिन्याने या म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आता तो दुसरा, माझ्या मते खरा महत्त्वाचा भाग. एकटी अँटिडिप्रेसंट कुठे पुरत नाही?

सगळ्यात आधी सायकॉटिक डिप्रेशन, म्हणजे भ्रमासकट येणारं. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. साठीतल्या एक बाई होत्या. झोप नाही, जेवण नाही, वजन उतरलेलं, बोलणं पुटपुटल्यासारखं. मी गंभीर डिप्रेशन असं निदान केलं, गोळी दिली, दोन महिन्यांनी बदलली. ढिम्म फरक नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा सुनेने सहज सांगितलं, की चमचा तोंडापर्यंत नेतात आणि परत ताटात ठेवतात. मी तोवर ‘भूक लागते का’ एवढंच विचारत आले होते. त्या दिवशी विचारलं, ‘चमचा खाली का ठेवता?’ बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, आतडी सडून गेलीत, खाल्लेलं जाणार कुठे? हे त्यांना ‘वाटत’ नव्हतं, त्यांच्या लेखी ती वस्तुस्थिती होती. आणि कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

अशा डिप्रेशनमध्ये भ्रम मूडशी जुळणारे असतात. पाप, दिवाळं, असाध्य रोग, आपल्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं असा ठाम विश्वास. म्हणूनच ते ‘फार निराश बोलतात’ यात खपून जातात. नुसतं अँटिडिप्रेसंट इथे लंगडं पडतं हे 1970च्या दशकापासून ठाऊक आहे. नुसतं अँटिसायकॉटिक, म्हणजे भ्रमावरचं औषध, तेही पुरत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 259 रुग्ण होते. ओलान्झापिन या अँटिसायकॉटिकसोबत सर्ट्रालिन दिलेल्यांपैकी 41.9 टक्के पूर्ण उतारापर्यंत गेले, नुसत्या ओलान्झापिनवर 23.9 टक्के. पुढच्या अभ्यासात, 2019 साली, बरं वाटल्यावर ओलान्झापिन काढून टाकलं तर काय होतं तेही पाहिलं. सर्ट्रालिन सगळ्यांना चालूच होती. औषध काढलेल्यांपैकी 54.8 टक्क्यांचा आजार 36 आठवड्यांत उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी 20.3 टक्क्यांचा. वजन, साखर यांची किंमत मोजावी लागते, तरी घाईने हे औषध बंद करू नये असं मी घरच्यांना सांगते ते याच आकड्यांमुळे.

आणि ईसीटी, म्हणजे लोक ‘शॉक’ म्हणतात ते. या शब्दाने घरातले चेहरे कसे उतरतात ते मी रोज पाहते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईसीटीचा कोर्स पूर्ण केलेल्या सायकॉटिक डिप्रेशनच्या 95 टक्के रुग्णांना पूर्ण उतार पडला, भ्रम नसलेल्यांत 83 टक्क्यांना. डिप्रेशनवर एवढा गुण देणारं दुसरं काही आपल्याकडे नाही. भूल देऊन, स्नायू सैल करून ती देतात. काही दिवसांची आठवण पुसट होते, हा त्रास खरा आहे आणि तो आधी सांगायलाच हवा. त्या बाईंनी आठव्या ईसीटीनंतर वाटीभर खिमटी संपवली आणि आणखी आहे का विचारलं. निदानाला लागलेले ते चार महिने त्यांना परत देता येत नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या रुग्णाला ‘असं का होतंय असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

दुसरी जागा बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उसळलेला मूड असा आजार. डिप्रेशनच्या वेशात आलेला बायपोलर आजार दिसायला अगदी साधं डिप्रेशन असतो. 2007 साली आलेल्या अभ्यासात मूड स्टॅबिलायझरवर, म्हणजे मूड दोन्ही टोकांना जाऊ न देणाऱ्या औषधावर, असलेल्या 366 रुग्णांना वरून अँटिडिप्रेसंट किंवा साखरेची गोळी दिली. टिकाऊ उतार पडला तो अँटिडिप्रेसंटवाल्यांपैकी 23.5 टक्क्यांना आणि साखरेच्या गोळीवाल्यांपैकी 27.3 टक्क्यांना. म्हणजे फायदा नाहीच. आणि मूड स्टॅबिलायझर न देता नुसती अँटिडिप्रेसंट दिली, तर काहींचा मूड दुसऱ्या टोकाला जातो किंवा बेचैनी, चिडचिड आणि अस्वस्थ ऊर्जा उदासीतच मिसळते. ती मिश्र अवस्था आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याची. इथे क्वेटिआपिन, लुरासिडोन, लॅमोट्रिजिन, लिथियम अशी वेगळीच वाट आहे.

मग मेलँकोलिक. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुढचे काही तास सगळ्यात भीषण असतात. संध्याकाळी माणूस थोडा माणसात येतो. कितीही चांगली बातमी द्या, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. या रुग्णांना साखरेच्या गोळीने फारसं बरं वाटत नाही. ‘बदल म्हणून कुठे जाऊन या’ हा सल्ला त्यांना जखमेवर मीठ वाटतो. बाह्यरुग्णांत औषधांचा फरक दिसत नाही हे वर आलंच. पण भरती करावं लागलेल्या गंभीर रुग्णांत चित्र थोडं बदलतं. डेन्मार्कमधल्या विद्यापीठांच्या गटाने 1986 साली सिटॅलोप्रामशी आणि 1990 साली पॅरॉक्सेटिनशी जुन्या क्लोमिप्रामिनची तुलना केली. दोन्ही वेळा क्लोमिप्रामिन सरस निघालं, साइड इफेक्ट मात्र जास्त. म्हणून गंभीर मेलँकोलियात दोन एसएसआरआय फोल गेल्यावर तिसरी एसएसआरआय लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही. तिथे मी क्लोमिप्रामिन, इमिप्रामिनसारखी जुनी ट्रायसायक्लिक गोळी, लिथियमची जोड किंवा ईसीटी यांचा विचार आधी करते. ईसीजी काढून आणि हृदयाची चौकशी करूनच, आणि या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या तर घातक असतात म्हणून त्या घरच्यांच्या ताब्यात ठेवूनच.

चिंता मिसळलेलं डिप्रेशन फार आढळतं. स्टार-डीमधले निम्म्याहून अधिक रुग्ण तसे होते. सिटॅलोप्रामवर त्यांच्यातल्या सुमारे 22 टक्क्यांना पूर्ण उतार पडला, चिंता नसलेल्यांत 33 टक्क्यांना. इथे कुठली गोळी यापेक्षा कशी सुरू करायची हे मोलाचं. अर्ध्या डोसने सुरुवात, पहिल्या दहा दिवसांत धडधड आणि बेचैनी वाढू शकते हे आधी सांगणं, आणि मध्ये फोन करायची मोकळीक देणं. ‘गोळी सोसली नाही’ म्हणून सोडणारे बरेच जण मला या गटातले भेटतात.

ऋतूबरोबर येणाऱ्या डिप्रेशनबद्दल थोडक्यात. त्यात 10,000 लक्सचा प्रकाश रोज सकाळी अर्धा तास आणि फ्लुऑक्सेटिन यांची 96 रुग्णांत तुलना झाली, तेव्हा दोन्हीकडे 67 टक्क्यांना गुण आला. दरवर्षी ठरावीक महिन्यांत खचणाऱ्याने हा पर्याय डॉक्टरांना विचारावाच. बायपोलर असेल तर प्रकाशानेही मूड उसळू शकतो, तेव्हा स्वतःच्या मनाने नको.

वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या डिप्रेशनबद्दल मात्र मला थांबून सांगायचंय. 2000 साली आलेल्या अभ्यासात असे 681 रुग्ण होते. नुसतं औषध, नुसती खास या आजारासाठी घडवलेली मानसोपचार पद्धत, आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट केले. गुण आला तो 48, 48 आणि 73 टक्क्यांना. पुढे याच रुग्णांतून बालपणी मार, अत्याचार किंवा आईबाप गमावणं वाट्याला आलेले वेगळे काढून पाहिले, तर त्यांच्यात नुसत्या मानसोपचाराने नुसत्या औषधाहून जास्त फायदा झालेला दिसला. लहानपणाबद्दल पहिल्याच भेटीत कुणी बोलत नाही. पण चौथी गोळी बदलण्याआधी तो विषय एकदाही निघालेला नसेल, तर उपचारातच काहीतरी राहून गेलंय असं मी मानते.

एमआरआय, रक्तातलं सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), जनुकांची चाचणी यांबद्दलही विचारलंत. मेंदूच्या स्कॅनवरून उपप्रकार पाडण्याचं काम जोरात आहे, त्यात आशा आहे, पण आज दवाखान्यात त्यावरून गोळी ठरवावी अशी स्थिती नाही. जनुकांची चाचणी बहुतेक करून तुमचं यकृत औषध किती वेगाने मोडतं ते सांगते. डोस किंवा साइड इफेक्टचं कोडं असेल तर तिचा उपयोग होतो. डिप्रेशन कुठल्या प्रकारचं आहे हे ती सांगत नाही.

आता तुमच्या बहिणीकडे येते. तिला न तपासता निदान करणार नाही, पण ती माझ्यासमोर असती तर मी काय केलं असतं ते सांगते. विशीच्या आसपास सुरुवात, झोप आणि भूक वाढलेली, अंग शिशासारखं जड, दोन गोळ्या फोल. या खुणा साध्या अटिपिकल डिप्रेशनमध्ये असतात तशा बायपोलरमध्येही असतात. म्हणून तिसरी गोळी लिहिण्याआधी मी तो प्रश्न निकालात काढला असता. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिलं असतं. गोळ्या खरोखर रोज पोटात गेल्या का, हे रागावल्याशिवाय विचारलं असतं.

बायपोलरच्या खुणा नसतील, तर सुस्ती आणि वजन या दोन्ही बाबतींत बरं पडणारं बुप्रोपिऑन हा एक विचार आहे. पण ती खाऊन मग उलटी काढत असेल किंवा कधी फिट आली असेल, तर ते औषध चालत नाही, आणि उलटीची गोष्ट मुली आपणहून सांगत नाहीत. त्याच्या जोडीला कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलण्यावर काम करणारा मानसोपचार. ही मी अनुभवाच्या भरवशावर सुचवत नाहीये. 1999 साली अटिपिकल डिप्रेशनच्या 108 रुग्णांत फिनेल्झिन आणि कॉग्निटिव्ह थेरपी यांची थेट तुलना झाली. दोन्हींनी 58 टक्क्यांना गुण आला, साखरेच्या गोळीने 28 टक्क्यांना. पथ्यपाण्याच्या धाकाशिवाय तोच गुण मिळत असेल तर मी थेरपीवर आधी भर देईन. एमएओआय त्यानंतरही हाताशी राहतेच, आणि ती वापरायला मी कचरत नाही.

तोवर चालू गोळी मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते आणि आजारच बळावला असं वाटतं. 25 वर्षांखालच्यांत गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तसं काही ती बोलली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तिला घेऊन जा.

आणि पुढच्या भेटीला तिच्यासोबत तुम्ही जा. मूड उसळलेला काळ रुग्णाला आजार म्हणून आठवत नाही, ‘तेव्हा मी छान होते’ असं आठवतं. तो पाहिलेला असतो घरच्यांनी. मागच्या चार-पाच वर्षांत असे सलग चार दिवस किंवा जास्त कधी होते का, की ती तीन-चार तास झोपूनही दमली नाही, भरभर बोलत होती, एकदम पाच कामं काढून बसली होती, नेहमीपेक्षा जास्त पैसे उडवले, वाद घातले? दोन्ही घराण्यांत कुणाला असा आजार, कुणाला लिथियम, कुणाची आत्महत्या? महिना आणि वर्ष आठवेल तेवढं घालून हे एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.